जेएलपीटी पहिल्यांदा देताय? फॉर्मपासून निकालापर्यंत सगळं सांगते

माझ्याकडे जेएलपीटीचे, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचे, एन-४ लेव्हलचे दोन निकाल आहेत. पहिल्या कागदावर १८० पैकी ९७ मार्क आणि शेजारी नापास. एन-४ पास व्हायला ९० लागतात, म्हणजे सात मार्क जास्तच होते, तरी नापास. घरी हे समजावून सांगताना माझी जी काय अवस्था झाली ते विचारूच नका, आई शेवटपर्यंत म्हणत होती की अगं मग रिचेकिंगला टाक ना. आई, तसं नसतं ते. कसं असतं ते खाली दुसऱ्या पायरीत सांगितलंय आणि तुम्ही बाकी काहीही नाही वाचलंत तरी तेवढं वाचाच.

मी चिंचवडला राहते, ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत परचेसला आहे, आणि जपानी शिकले ते ऑफिस सुटल्यावर संध्याकाळच्या क्लासला जाऊन. त्यामुळे हे सगळं नोकरी किंवा कॉलेज सांभाळून एन-५ किंवा एन-४ देणाऱ्यांसाठी आहे. एन-२, एन-१ वाल्यांनी मला शिकवावं.

१. आधी लेव्हल ठरवा, आणि कशासाठी देताय तेही

जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा. १९८४ पासून चालू आहे, जपान फाउंडेशन आणि जपानमधली अजून एक संस्था मिळून घेतात. आधी चार लेव्हल होत्या, २०१० पासून पाच झाल्या. एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. आकडा कमी होत जातो तशी परीक्षा अवघड होत जाते, नातेवाइकांना हे उलटं वाटतं, "पाचवी पास झालीस म्हणजे संपलं ना?"

परीक्षा वर्षातून दोनदा, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. भारतात पुणे, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू अशी केंद्रं आहेत. एका वेळी एकच लेव्हल देता येते. आणि खालची पास असल्याशिवाय वरची देता येत नाही असं काही नाही, डायरेक्ट एन-४ ला बसलात तरी चालतं.

अंदाज म्हणून सांगते, जुन्या परीक्षेच्या यादीप्रमाणे सगळ्यात खालच्या लेव्हलला साधारण १०० कांजी (चिनीवरून आलेली चित्रांसारखी अक्षरं) आणि ८०० शब्द, त्याच्या वरच्या लेव्हलला ३०० कांजी आणि १५०० शब्द धरायचे. २०१० नंतर अशी अधिकृत यादीच काढत नाहीत, त्यामुळे "हीच ऑफिशियल लिस्ट" म्हणून व्हॉट्सॲपवर जे फिरतं ते कुणीतरी अंदाजाने बनवलेलं असतं. वापरा, पण त्यावर भांडू नका. क्लासमध्ये ज्यांचं मिन्ना नो निहोंगो या पाठ्यपुस्तकाचं पहिलं पुस्तक म्हणजे २५ धडे झालेत ते एन-५ देतात आणि ५० धडेवाले एन-४, हा हिशोब बऱ्यापैकी बरोबर बसतो.

आता कशासाठी. जपानला लँग्वेज स्कूलला जायचं असेल तर बऱ्याच शाळा एन-५ किंवा साधारण १५० तासांच्या अभ्यासाचा दाखला मागतात. नर्सिंग केअर, हॉटेल वगैरे क्षेत्रातल्या कामगारांसाठी २०१९ पासून जो स्पेसिफाइड स्किल्ड वर्करचा व्हिसा आहे त्याला भाषेसाठी एन-४ चालते, किंवा जेएफटी-बेसिक नावाची कॉम्प्युटरवर होणारी वेगळी परीक्षा चालते. तुम्हाला फक्त त्या व्हिसासाठी हवं असेल तर दोन्हींची चौकशी करा, उगाच जुलै-डिसेंबरची वाट बघत बसू नका. आणि नुसत्या एन-५ वर जपानमध्ये नोकरी लावून देतो म्हणणारे एजंट भेटले तर हात जोडा आणि चालू लागा. तीन महिन्यांत एन-३ ची गॅरंटी देणाऱ्यांनाही तेच.

२. मार्कांचं गणित (माझं जिथे गंडलं ते)

पेपर एकूण १८० मार्कांचा. पास व्हायला एन-५ ला ८०, एन-४ ला ९०, एन-३ ला ९५, एन-२ ला ९० आणि एन-१ ला १०० लागतात. हे सगळ्यांना माहीत असतं. जे कुणी नीट सांगत नाही ते असं की प्रत्येक विभागात वेगळं पासिंग आहे. एन-५ आणि एन-४ मध्ये शब्द, व्याकरण आणि वाचन हे सगळं मिळून १२० चा एक विभाग, त्यात कमीत कमी ३८ पाहिजेत. लिसनिंग ६० चं, त्यात कमीत कमी १९. एन-३ पासून पुढे तीन विभाग, प्रत्येक ६० चा, प्रत्येकात १९.

मला पहिल्या विभागात १२० पैकी ८० होते. लिसनिंगला १७. झालं. ८० अधिक १७ सत्त्याण्णव, आणि नापास.

अजून एक, हे मार्क स्केल केलेले असतात, म्हणजे एका बरोबर उत्तराला एक मार्क असं सरळ नसतं. पेपर देऊन आल्यावर उत्तरं जुळवून बेरीज करत बसण्यात अर्थ नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, काही म्हणजे काही येत नसेल तरी गोळा काळा करायचा.

बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षा नसते. सगळं पर्याय निवडायचं. म्हणून कांजी लिहायला शिकायचीच नाही असं काही जण ठरवतात, त्याबद्दल पुढे बोलते.

३. फॉर्म भरणं

जुलैच्या परीक्षेचे फॉर्म साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि डिसेंबरचे ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास निघतात. पुण्यात परीक्षेचं काम जपानी शिक्षकांची संघटना जाल्टॅप बघते, बाकी शहरांत वेगवेगळ्या संस्था बघतात, प्रत्येकीची तारीख आणि पद्धत वेगळी. तुमच्या शहराची संस्था कोणती ते जेएलपीटीच्या मूळ साइटवर केंद्रांच्या यादीत सापडतं, तिथूनच जा. फी लेव्हलप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलते, मागच्या वर्षीचा आकडा कुणाला विचारू नका.

जागा मर्यादित असतात आणि खालच्या लेव्हलला गर्दी फार. शेवटची तारीख बघून निवांत बसू नका, फॉर्म निघाला त्याच दिवशी भरा.

हाताशी काय काय ठेवायचं:

- पासपोर्ट. नसेल तर आधार किंवा दुसरं फोटोवालं सरकारी ओळखपत्र
- पासपोर्ट साइज फोटो, अलीकडचा, पांढऱ्या बॅकग्राउंडचा, सेल्फी कापून केलेला नाही
- चालू असलेला ईमेल आणि मोबाइल नंबर, क्लासवाल्यांचा नाही, स्वतःचा
- पिनकोडसकट पूर्ण पत्ता
- आठ आकडी पासकोड, जो तुम्हीच ठरवायचा असतो

नावाच्या बाबतीत आपल्याकडे हमखास घोळ होतो. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि कागदोकागदी क्रम वेगळा. सर्टिफिकेटवर फॉर्ममधलंच नाव जसंच्या तसं छापून येतं, म्हणून पासपोर्ट उघडून समोर ठेवा आणि त्यातलं स्पेलिंग अक्षर अन् अक्षर बघून भरा. लग्न ठरलंय आणि नाव बदलणार आहात तर आत्ता पासपोर्टवर जे आहे तेच टाका. आमच्या बॅचमधल्या एकीने फॉर्ममध्ये सासरचं आडनाव टाकलं आणि पासपोर्ट माहेरचा, पुढे व्हिसाच्या वेळी ती ॲफिडेव्हिट करत फिरत होती.

तो आठ आकडी पासकोड निकाल बघायला लागतो. जन्मतारीख टाका किंवा काही टाका, पण लिहून ठेवा. फॉर्ममध्ये मातृभाषा, कुठे शिकता, जपानी कशासाठी शिकता, कुणाशी जपानीत बोलता असे बरेच प्रश्न असतात, त्याने मार्कांवर काही परिणाम होत नाही, खरं ते भरा आणि पुढे चला.

४. हिरागाना आणि काताकाना: पंधरा दिवसांत संपवा

या उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानीच्या दोन लिपी. यावर फार बोलत नाही. रोज पाच-पाच अक्षरं, वहीत गिरवून. एवढंच सांगते की रोमन लिपीतून जपानी वाचायची सवय पहिल्या आठवड्यातच मोडा. उच्चार लिहून ठेवायचेच असतील तर देवनागरीत लिहा, कितीतरी जवळ जातात. आपल्या चूल, चूक मधला जो च आहे ना, त्यानेच त्सु म्हणायचा. दिल्लीकडच्या मुलांना हा त्सु बोलताना घाम फुटतो, आपल्याला आयता आहे.

काताकानामध्ये शि आणि त्सु, सो आणि न, या दोन जोड्या सगळ्यांना छळतात. रेघ वरून खाली ओढलीय की खालून वर एवढाच फरक. हाताने लिहिल्याशिवाय तो डोळ्यात बसत नाही.

५. व्याकरण मराठीतून शिका, इंग्रजीतून नको

माझे पहिले सहा महिने यात वाया गेले. पुस्तकातला खुलासा इंग्रजीत, सेन्सेई म्हणजे आमच्या बाई शिकवायच्या ते इंग्रजीत, मी नोट्स काढायचे इंग्रजीत. आणि सतत डोक्यात गोंधळ की आय लाइक म्हटल्यावर जपानीत आवडणाऱ्या गोष्टीला "गा" का लागतो. मग एकदा बसमध्ये उभ्या उभ्या डोक्यात आलं, अरे, आपण पण "मी जपानी आवडते" म्हणत नाही, "मला जपानी आवडतं" म्हणतो! आवडणारी गोष्ट हाच कर्ता. वाताशी वा निहोंगो गा सुकी देस. मला जपानी कळतं, निहोंगो गा वाकारिमास. मला गाडी पाहिजे, कुरुमा गा होशीइ देस. तिन्हीकडे गा, आणि तिन्हीकडे मराठीत तीच रचना. त्या दिवशी घरी जाऊन सगळ्या नोट्स मराठीत परत लिहायला घेतल्या.

बघा कसं आहे ते. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. शब्दाला मागून चिकटणारे प्रत्यय, आपल्यासारखेच. बसने जाते, बासु दे इकिमास, दे म्हणजे ने. मुंबईला जाते, मुम्बाइ नि इकिमास, नि म्हणजे ला. मैत्रिणीला भेटते, तोमोदाची नि आइमास, इथेही ला. इंग्रजीतून आलेला माणूस इथे हमखास "ओ" (कर्माला लागणारा प्रत्यय) लावतो आणि चुकतो, आपण चुकायचं कारणच नाही.

एन-४ चं व्याकरण तर आपल्यासाठीच केलंय असं वाटतं. ते-फॉर्म म्हणजे आपलं "करून". मग ताबेते मिमास म्हणजे खाऊन बघते. कात्ते ओकिमास, घेऊन ठेवते. ताबेते शिमाइमाशिता, खाऊन टाकलं. मोत्ते इकिमास घेऊन जाते, मोत्ते किमास घेऊन येते. बघणे, ठेवणे, टाकणे, जाणे, येणे, सगळं तसंच्या तसं मागे लागतं. वासुरेते शिमाइमाशिता म्हणजे विसरून बसले, त्यात जी हळहळ आहे ती सुद्धा तीच. इंग्रजी पुस्तकात या एका "शिमाइमास"साठी अर्धं पान खर्ची घातलेलं असतं.

पण मराठी जिथे फसवते त्या जागा पण लिहून ठेवा:

- "घरी आहे" आणि "घरी जेवते", दोन्हीकडे आपण घरी म्हणतो. जपानीत असण्याला नि, काही करण्याला दे. उचि नि इमास, पण उचि दे ताबेमास.
- "आहे" एकच. जपानीत माणूस-प्राणी असेल तर इमास, वस्तू-झाड असेल तर आरिमास.
- "देणे" एकच. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर आगेमास, कुणी मला दिलं तर कुरेमास. एन-४ मध्ये यावर प्रश्न येणारच असं धरून चाला.
- ते-फॉर्म बनवताना इकु चं इत्ते होतं, नियमाप्रमाणे इइते होत नाही. हा अपवाद विचारायला परीक्षकांना फार आवडतं असा माझा संशय आहे.

६. कांजी

सुरुवातीला मजा येते. झाड म्हणजे की, दोन झाडं शेजारी काढली की हायाशी म्हणजे राई, तीन काढली की मोरी म्हणजे जंगल. माणूस झाडाला टेकला की विश्रांती. असं वाटतं की हे तर चित्रांचं पुस्तक आहे. मग मात्सु आणि मोत्सु येतात. एक वाट बघणे, एक हातात धरणे. उजवीकडचा भाग दोन्हीत एकच, फक्त डावीकडची काडी वेगळी. पेपरात हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असतात आणि घड्याळ पळत असतं.

म्हणून सांगते, लिहायची परीक्षा नाही हे खरं, पण प्रत्येक कांजी दहा-बारा वेळा हाताने लिहाच. नुसती ॲपवर बघून ओळखता येते ती घरी, निवांत असताना.

दुसरं, सुटी कांजी आणि तिचे सगळे उच्चार पाठ करू नका, शब्द पाठ करा. रविवार म्हणजे निचियोओबी. यातली पहिली कांजी आणि शेवटची कांजी एकच आहे, सूर्याची. पहिल्या जागी निचि, शेवटी बी. कुठल्या नियमाने? शब्दाने. शब्द माहीत असेल तर वाचता येतं, नाहीतर नाही.

फ्लॅशकार्डसाठी मी अंकी नावाचं ॲप वापरलं, फोनवर, रोज १५ नवीन. दोन दिवस चुकलात तर ढीग साचतो, तेवढं सांभाळा.

७. लिसनिंग: यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या

आपण शाळेत भाषा शिकलो ती वाचून आणि लिहून. पेपर सोडवायला आपल्याला येतो, घोकायला येतं, त्यामुळे १२० च्या विभागात गाडी निघते. ऐकण्याची परीक्षा आपण आयुष्यात दिलेली नसते. ऑडिओ एकदाच वाजतो. मागे घेता येत नाही, थांबवता येत नाही, आणि शेवटी उत्तरं उतरवून काढायला वेगळा वेळ देत नाहीत, ऐकता ऐकताच गोळा काळा करायचा. माझं तिथेच झालं. एका प्रश्नावर अडकले, त्याचा विचार करत राहिले, पुढचा प्रश्न निम्मा निघून गेला, मग तोही गेला, आणि मध्ये कुठेतरी एक ओळ सोडून गोळे करत गेले ते लक्षात यायला तीन प्रश्न लागले.

त्यामुळे पहिला नियम, गेलेला प्रश्न गेला. कुठलाही पर्याय काळा करा आणि पुढच्याकडे कान लावा.

कान कुठे फसतो ते बघा. ह्रस्व-दीर्घ. शाळेत मराठीच्या बाईंनी यासाठी वह्या लाल केल्या तरी आपण सुधारलो नाही, इथे मार्क जातात. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाआसान म्हणजे आजी. बिरु म्हणजे बिल्डिंग, बीइरु म्हणजे बिअर. किते म्हणजे ये, किइते म्हणजे ऐक, आणि कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. जोडाक्षर आपल्याला ऐकू येतं, पण लांबवलेला स्वर निसटतो.

आकडे आणि तारखा तर खास. इचिजी म्हणजे एक वाजता, शिचिजी म्हणजे सात वाजता. योक्का म्हणजे चार तारीख, योओका म्हणजे आठ तारीख. या जोड्या मी आरशावर चिकटवल्या होत्या.

मग प्रश्नांची पद्धत. पहिल्या प्रकारात आधी प्रसंग सांगतात, प्रश्न सांगतात, मग संवाद, मग परत प्रश्न. या संवादात पहिलं ऐकलेलं उत्तर बहुतेक वेळा उत्तर नसतं. आई मुलाला सांगते अंडी आण, दूध आण, आणि मग मध्येच "आ, ग्यूउन्यूउ वा मादा आरिमास कारा", म्हणजे अरे दूध अजून आहे, आणि दूध रद्द. "देमो" (पण), "जा" (मग), "आ, चोत्तो" (अं, जरा) हे शब्द आले की समजायचं आता बेत बदलणार. चित्रवाल्या प्रकारात एका माणसाकडे बाण असतो, तो माणूस काय म्हणेल ते निवडायचं, दुसरा नाही. घाईत बाण बघायचाच राहतो. आणि शेवटच्या प्रकारात कागदावर काहीच छापलेलं नसतं, एक वाक्य ऐकू येतं आणि तीन उत्तरं. "मोओ हिरुगोहान ओ ताबेमाशिता का", जेवण झालं का? "ईए, मादा देस", नाही, अजून व्हायचंय. इथे भाषांतर करायला वेळच नसतो, म्हणून असे रोजचे सवाल-जवाब तोंडात बसलेले पाहिजेत.

दुसऱ्या वेळी मी काय केलं: रोज चिंचवड ते डेक्कन बसमध्ये ऑडिओ ऐकायचे, पण नुसतं ऐकून काही होत नाही, त्यामागोमाग पुटपुटायचं. शॅडोइंग म्हणतात त्याला. कंडक्टर बघायचे विचित्र नजरेने. रविवारी आम्ही तिघीजणी सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जायचो, ते ओकायामाच्या बागेवरून केलेलं, त्यामुळे उगाच वातावरणनिर्मिती, आणि एकमेकींना वेळ-तारीख-किंमत विचारत फिरायचो.

आणि हा मुद्दा कुणीच सांगत नाही: परीक्षेत हेडफोन नसतो. वर्गात पुढे स्पीकर, वर पंखा, कुणीतरी खोकतंय, बाहेर रिक्षा. शेवटचा महिनाभर मी इअरफोन काढून, फोन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, पंखा मोठा करून ऐकलं. पहिल्या दिवशी निम्मं कळलं नाही. बरं झालं ते घरी झालं.

८. पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा

जेएलपीटीच्या साइटवर नमुना प्रश्न आणि अधिकृत सराव पेपर ऑडिओसकट फुकट आहेत, आधी ते संपवा, मग बाजारातली पुस्तकं. वेळ अशी: एन-५ ला शब्दांसाठी २० मिनिटं, व्याकरण-वाचनाला ४०, लिसनिंग ३० मिनिटांचं. एन-४ ला २५, ५५ आणि ३५. जुन्या पुस्तकात एन-५ चे २५ आणि ५० दिसतील, त्यावर जाऊ नका, वेळ कमी झालीय.

व्याकरणात एक स्टारवाला प्रश्न असतो, चार रिकाम्या जागा, चार तुकडे, योग्य क्रमाने लावायचे आणि चांदणीच्या जागी कोणता तुकडा येतो तेवढंच उत्तर द्यायचं. प्रश्नपत्रिकेवर चारही आकडे क्रमाने लिहा आणि मग चांदणीखालचा उचला. मनातल्या मनात केलंत तर पहिल्या जागेचा आकडा काळा करून याल. प्रश्नपत्रिकेवर लिहिलेलं चालतं, फक्त ती परत द्यावी लागते, घरी नेता येत नाही.

वाचनात शेवटी एखादी नोटीस, जाहिरात किंवा वेळापत्रक असतं. आधी प्रश्न वाचा, मग कागदात शोधा. सगळं वाचत बसायचं नाही.

९. आदल्या रात्रीची बॅग

हॉलतिकिटाची प्रिंट (दोन काढा), ओरिजिनल ओळखपत्र, दोन-तीन साध्या एचबी पेन्सिली टोक करून, चांगला खोडरबर, शार्पनर, काट्याचं साधं मनगटी घड्याळ, पाणी, आणि डबा किंवा बिस्किटं. स्मार्टवॉच घरी ठेवा. हॉलतिकीट आलं त्याच दिवशी नाव, जन्मतारीख, लेव्हल आणि केंद्राचा पत्ता तपासा, एकाच कॉलेजच्या दोन शाखा असल्या की लोक भलतीकडे जाऊन उभे राहतात.

१०. परीक्षेचा दिवस

वेळेआधी तासभर पोचा. डिसेंबरला देत असाल तर पुण्यात सकाळी थंडी असते, स्वेटर घ्या, बोटं गारठली की गोळे नीट होत नाहीत.

फोन सायलेंटवर नाही, पूर्ण बंद. अलार्मसुद्धा बंद. या परीक्षेत फुटबॉलसारखी पिवळी आणि लाल कार्डं असतात, खरंच. सूचना यायच्या आत प्रश्नपत्रिका उघडली, वेळ संपल्यावर पेन्सिल चालू ठेवली की पिवळं. दोन पिवळी झाली किंवा फोन वाजला की लाल, म्हणजे बाहेर, आणि पेपर तपासतच नाहीत. आमच्या वर्गात एका मुलाला वेळ संपल्यावर एक गोळा काळा करताना पिवळं मिळालं, तो बिचारा पुढचे दोन तास हात मांडीखाली दाबून बसला होता.

उत्तरपत्रिकेवर नाव आणि नंबर आधीच छापलेला असतो, तो आपलाच आहे ना बघा. लिसनिंग सुरू झाल्यावर उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, म्हणून मधल्या सुट्टीत लांब चहाला जाऊ नका. आणि त्या सुट्टीत "पाचव्याचं काय आलं गं?" करत फिरणाऱ्यांपासून दूर राहा. मी डोळे मिटून जिन्यात बसले होते, ऑडिओ ऐकत नाही की काही नाही.

११. निकाल

जुलैचा निकाल ऑगस्टच्या शेवटाकडे आणि डिसेंबरचा जानेवारीच्या शेवटाकडे ऑनलाइन लागतो. हॉलतिकिटावरचा नंबर आणि तो आठ आकडी पासकोड लागतो, त्या दिवशी साइट रडतखडत चालते, रात्री बघा. मार्कांशेजारी शब्द, व्याकरण आणि वाचन यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिसतात, ती पास-नापासासाठी नाहीत, पण कुठे कच्चे आहात ते कळतं. नापास झालात तर आधी लिसनिंगचा आकडा बघा, एकूण नंतर.

कागदी सर्टिफिकेट त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी येतं. त्याला मुदत नसते, पण काही कंपन्या आणि शाळा अलीकडचं मागतात. लॅमिनेट करू नका, स्कॅन करून ठेवा. आणि पासकोड हरवलात तर ऑनलाइन निकाल दिसत नाही, मग कागदाची वाट बघायची. माझा पहिल्या वेळचा पासकोड गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर सापडला होता, आईने जपून ठेवला होता, त्याच्या खाली दूधवाल्याचा हिशोब.